खालच्या पुऱ्याचा नकाशा

सावरबर्डीची वांगी मूर्तिजापूरच्या बाजारात पाटी खाली टेकायच्या आत संपत. गाव पूर्णेच्या काठी, एलिचपूरकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या ठेसनापासून दीड कोसावर. काळी जमीन काय, वऱ्हाडात सगळीकडेच आहे. पण सावरबर्डीच्या माळ्यांपाशी आणखी एक गोष्ट होती. गावाच्या मागं, नदीच्या अंगाला, पांढुरक्या भुसभुशीत मातीची मोठी थोरली टेकडी होती. तिला सगळे नुसतं 'पांढरी' म्हणत. कुण्या काळी तिथं शहर होतं. ते खचलं, त्यावर दुसरं बसलं, तेही खचलं. हजार-दीड हजार वर्षांच्या चुलींची राख, शेण, हाडं आणि मातीच्या भिंती मिळून त्याचं खत झालं होतं. उन्हाळ्यात बैल रिकामे झाले की बंडी जुंपायची, पांढरी खणायची आणि ती माती भाजीच्या वाडीत पसरायची, ही गावाची रीत. मेहऱ्यांच्या वाडीत ती माती तीन पिढ्या पडत आली होती.

त्या मेहऱ्यांचा धाकटा मुलगा पुंजाराम. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी जन्मलेला. वाडी दोघा भावांना पुरेल एवढी नव्हती. थोरल्या गोवर्धननं मोट धरली आणि पुंजारामला सातवीपर्यंत शिकवून अकोल्याला मोजणीच्या कामावर चिकटवून दिलं. पहिली सहा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या मागं मोजणीची साखळी ओढली. मग मोजणीदार झाला. भावाभावांच्या वाटण्या, बांधांची भांडणं, नाल्यानं खाल्लेली वावरं, यांतच त्याची पंचविशी-तिशी गेली. स्वभावानं अबोल. मोजणीच्या जागी दोन्हीकडचे लोक शिव्या देत उभे असले तरी हा आपला खुंट्या ठोकत राही. बायको जमुना म्हणायची, "यायच्या तोंडातून शब्द काढाचा म्हंजे विहिरीतून पाणी काढाले लागते."

एकोणतीस सालच्या हिवाळ्यात कचेरीतून हुकूम आला, की सावरबर्डीच्या पांढरीवर खोदकाम होणार आहे, मोजणीसाठी माणूस पाहिजे, पुंजाराम मेहरे त्याच गावचा म्हणून त्याला पाठवावं.

खोदकाम करणारे डॉक्टर खुशालराव मोहोड औषधाचे डॉक्टर नव्हते. पहिल्या दिवशी अर्धं गाव खोकले आणि गुडघे घेऊन त्यांच्या राहुटीपुढं बसलं होतं, ते तसंच परत गेलं. अमरावतीला राजापेठेत त्यांचं घर, दर्यापूरकडे घरची मोठी शेती. विलायतेत जाऊन जुन्या शहरांचा अभ्यास करून आलेले. उंच, सडसडीत, उन्हानं लाल होणारे. गावकऱ्यांना वाटलं हे धन शोधायला आले. पहिल्याच आठवड्यात एका मजुराला गाडग्यात तांब्याची नाणी सापडली, तर डॉक्टरांनी ती बघून बाजूला ठेवली आणि गाडगं ज्या भिंतीपाशी होतं ती भिंत साफ करायला बसले.

पुंजारामला हे कोडं उलगडेना. शेवटी त्यानं विचारलं.

"पुंजाराम," डॉक्टर म्हणाले, "धान्य सडतं. कापड कुजतं. सोनं असेल तर पळणारा माणूस कमरेला बांधून पळतो. पण घर काही कुणाला उचलून नेता येत नाही. कोण किती जागेत राहत होता, ते पायाच्या दगडांत राहतं. या शहरात कुणाच्या वाट्याला किती आलं होतं, ते मला मोजायचंय. आणि ते तसं केव्हापासून झालं, तेही."

पुंजारामनं हातातली फीत गुंडाळली. मग म्हणाला, "हे तं आमचं रोजचंच काम हाय, साहेब. फरक येवढाच, का इथं भांडाले कोणी येत नाई."

डॉक्टर मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

दोन हिवाळे काम चाललं. टेकडीच्या माथ्यावर भाजक्या विटांची मोठी घरं होती. त्याला मजूर वरचा पुरा म्हणू लागले. नाल्याच्या बाजूला, उतरणीवर, मातीच्या भिंतींची लहान घरं दाटीनं लागली. तो खालचा पुरा. पुंजारामनं एकेक भिंत फितीनं मोजून कापडावर नकाशा चढवला. वरच्या पुऱ्यात अकरा घरं, सगळ्यात मोठं चाळीस हात लांब आणि तीस हात रुंद. खालच्या पुऱ्यात चौऱ्याण्णव घरं. त्यातली कितीतरी अशी, की चार हातांची खाट आडवी टाकली तर दार उघडू नये.

पण डॉक्टरांना खरं हवं होतं ते त्याच्याही खाली निघालं. दोन पुरुष खोल गेल्यावर सगळ्यात जुनी वस्ती लागली, आणि तिथं वरचा-खालचा असा भेदच नव्हता. सगळी घरं पंधरा-सोळा हातांची. कुणाचं हातभर कमी, कुणाचं हातभर जास्त.

खणणाऱ्या बायांमध्ये पार्बताबाई नावाची एक विधवा होती. गोवर्धनच्या शेजारची. तिची नजर इतकी तयार झाली, की मातीच्या रंगावरून भिंत संपली कुठं हे ती डॉक्टरांच्या आधी सांगे. दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या पुऱ्यातल्या सर्वांत मोठ्या घराची फरशी उचलली, तेव्हा तिनं हाक मारली.

"पुंजाभाऊ, इकडं पाय. ही एक चूल. ही दुसरी. अन् ही तिसरी, भितीच्या खाली दबेल."

"मंग?"

"मंग काय? एका घरात तीन चुली कावून असतीन? इथं तीन बाया नांदत होत्या, तीन घरात. थ्या तिघीचे घरं मोडून हे एक घर बांधलं कोणीतरी."

डॉक्टर खड्ड्यात उतरले. तिन्ही चुलींपाशी बसून त्यांनी राखेत बोट फिरवलं. पुंजाराम मोजायला फीत सोडत होता, तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. म्हणाले, "आमच्या घराच्या फरशीखाली कुणाच्या चुली आहेत, ते अजून कुणी खणून पाहिलं नाही." आणि मग, "घ्या मोजून."

एकतीस सालच्या फाल्गुनात काम बंद झालं. कापसाचा भाव बसला होता आणि खोदकामाला मिळणारी मदत थांबली. डॉक्टरांनी टिपणवह्या ट्रंकेत भरल्या. नकाशाच्या दोन प्रती होत्या, त्यातली एक त्यांनी पुंजारामच्या हातात दिली. "ही तुमच्याजवळ असू द्या. खड्डे बुजवू नका, पुढल्या हिवाळ्यात येतोच मी. अर्धा खालचा पुरा खणायचा राहिलाय."

पुढल्या हिवाळ्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या चैत्रात अमरावतीला विषमज्वरानं एकविसाव्या दिवशी गेले. पुंजारामला अकोल्याच्या कचेरीत कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं, तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

त्यानं चार दिवसांची रजा काढली आणि गाव गाठलं. काय करणार होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नुसतं पांढरीवर जाऊन बसावं असं वाटलं. नाल्याच्या बाजूनं चढायला लागला, तर समोरून मातीनं भरलेली बंडी उतरत होती. तिच्या मागं दुसरी, तिच्या मागं तिसरी.

पांढरी पूर्वीपासून खणत होतेच लोक. पण उतरणीवरून टोपली टोपली, कठीण जाई. आता डॉक्टरांचे खड्डे उघडे होते. उभे कडे तयार, माती मोकळी, बंडी थेट आत नेऊन लावता येई. खालच्या पुऱ्याची पहिली गल्ली, जिचा एकेक कोपरा पुंजारामनं ओळंबा सोडून घेतला होता, ती नव्हतीच. तिथं चाकोऱ्या होत्या. कड्याशी कुदळ घेऊन गोवर्धन उभा होता.

"दादा, हे काय करून राहिला तू?"

"माती नेऊन राहिलो. काय करून राहिलो म्हंजे?"

"इथं घरं होते. आमी मोजले होते."

"तं मोजले ना? मंग झालं." गोवर्धननं घाम पुसला. त्याला भावाचा राग नव्हता, भाऊ बरा आहे ना एवढीच काळजी होती. "हे पाय पुंजा. दोन साल झाले, वांग्याले रोग हाय. माती टाकली नाई तं येंदा वाडीत काय पेरू? तुहं शिकणं याच मातीतून झालं. तुले कोणी म्हटलं का तवा, का हे कोणाचं घर हाय म्हणून?"

"वरून घे मंग थोडी. इथली नको."

"वरून? वरची बाजू पंजाबराव पाटलाची. मरीमायचं ठाणं बी तिथंच. तिथं कुदळ लावली तं पाटील पाय तोडीन माहे. खालची कोणाचीच नाई, म्हणून आमची."

 पुंजाराम त्या गल्लीच्या जागी खाली बसला. बंड्या त्याला वळसा घालून जाऊ लागल्या. मातीची पाटी डोक्यावर घेऊन पार्बताबाई समोरून आली, त्याला पाहून थबकली.

"माह्यावर रागावू नको भाऊ," ती म्हणाली. "मीच खणून काढले, मीच भरून राहिली. तुह्या डाक्तरानं मजुरी देली तवा ब्रशानं झाडलं. आता हे बंडीवाले देतेत तं पाटीनं उचलतो. बसून राह्यली तं खाऊ काय?"

"नाई वं बाई," पुंजाराम म्हणाला. "तुह्यावर कायचा राग."

तरी त्यानं हात बांधून बसायचं नाही असं ठरवलं. तहसिलीत अर्ज दिला. तहसीलदारांनी विचारलं, जागा सरकारनं राखीव केली आहे का? नाही. मग गावकऱ्यांना कोणत्या कायद्यानं अडवू? अर्ज वर पाठवला गेला. चौदा महिन्यांनी उत्तर आलं, की बाब विचाराधीन आहे. त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच आलं. पाटलांकडं गेला तर पंजाबरावांनी त्याला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माह्या बाजूची काळजी करू नको. वरची एक वीट बी हालू देत नाई मी. खालच्या लोकायचं खत मी कसं बंद करू? गावात तोंड दाखवाचं हाय मले."

दर उन्हाळ्यात तो रजा काढून जाई आणि उरलेलं मोजून येई. नकाशाशी ताडून पाही. सदतीस घरं उरली, मग एकवीस, मग नऊ. जमुनानं एकदा वैतागून विचारलं, "अवो, मोजल्यानं थांबते का थे?" त्यानं नाही म्हणून मान हलवली आणि फीत पिशवीत टाकली.

वह्या असत्या तर काही करता आलं असतं, असं त्याच्या मनानं घेतलं. नकाशा नुसत्या रेघा. कुठल्या थरात काय, हे सगळं डॉक्टरांच्या अक्षरात वह्यांमध्ये होतं. पस्तीस सालच्या दिवाळीनंतर तो अमरावतीला गेला. राजापेठेतलं घर विचारत विचारत शोधलं. डॉक्टरांच्या पत्नी लीलाबाई बाहेर आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, पांढरं लुगडं. त्यांनी त्याला नावानं ओळखलं.

"तुम्ही मेहरे का? हे फार सांगायचे तुमच्याविषयी. बसा ना."

त्यानं वह्यांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, "एक गृहस्थ आले होते. हे गेल्यावर दोनेक महिन्यांनी. नागपूरचे म्हणाले, का पुण्याचे... म्हणाले, पाहून परत करतो, छापायचं बघतो. चांगले वाटले हो बोलायला. मी ट्रंकच दिली. नाव लिहून घ्यायचं सुचलंच नाही मला. तेव्हा मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार मोठी चूक झाली का माझ्या हातून?"

पुंजाराम तीन तास प्रवास करून आला होता. "नाई बाईसाहेब," तो म्हणाला. "येतीन थे परत घेऊन." बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत तो फलाटावर बसला, तेव्हा एका गोष्टीचं त्याला मोठं नवल वाटलं, की ज्याच्यावर रागवावं असं कुणीच नाही. दादा नाही, पार्बताबाई नाही, ही बाई तर नाहीच. कुणा एकावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं.

अडतीस साली अखेर जुन्या वस्तूंच्या खात्याचे एक अधिकारी आले. पुंजारामच्या अर्जांमुळेच आले होते, हे त्यांनी स्वतः सांगितलं. तरुण, हुशार, नम्र माणूस. कॅमेरा बरोबर. दोन दिवस त्यांनी माथा पाहिला. विटांच्या भिंती, दगडी फरशा, सांडपाण्याच्या नाल्या. पाटलांनी शब्द पाळला होता. वरचा पुरा जसाच्या तसा होता. अधिकारी हरखून गेले.

"काय सुखी शहर असेल हो हे! बघा ना, एकही झोपडं नाही. सगळे सुखवस्तू. रस्त्यांवर नाल्या. आजच्या आपल्या गावांना लाजवील असं."

पुंजारामनं कापडाचा नकाशा पसरला. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. आयुष्यात बोलला नसेल इतकं तो त्या दुपारी बोलला. ही चौऱ्याण्णव घरं. हा जुना थर, इथं सगळे सारखे. हा नंतरचा, इथं अकरा जण वाढले आणि बाकीचे आखडले. घर कसं घर गिळत गेलं, ते बोट ठेवून ठेवून दाखवलं. अधिकारी वाकून सगळं नीट पाहत होते.

"फार सुंदर काम आहे," ते म्हणाले. "आणि हा खालचा पुरा आता कुठं आहे?"

पुंजारामनं हात दाखवला. उतरणीच्या जागी एक सपाट खोलगट भाग होता. त्यात पावसाचं पाणी साचून हिरवं झालं होतं, आणि कडेनं म्हशी चरत होत्या.

"डॉक्टर मोहोडांची सही आहे यावर?"

"नाई साहेब. सही वह्यांवर होती."

"आणि वह्या?"

त्यानं सांगितलं. अधिकाऱ्यांनी नकाशाची घडी स्वतःच्या हातानं केली आणि त्याला परत दिली. "मेहरे, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण मला वर लेखी द्यावं लागतं. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही आणि ज्याला पुरावा नाही, ते मी लिहू कसं? तुम्हीच सांगा."

पुंजारामनं नकाशा पिशवीत ठेवला. त्यानंही आजवर कुणाच्या तोंडी बोलण्यावर बांध सरकवला नव्हता. अशा जागी त्यानंही हेच म्हटलं असतं.

पुढच्या वर्षी अधिकाऱ्यांची लहानशी पुस्तिका निघाली. सावरबर्डीच्या शाळेत एक प्रत आली. पुंजारामची मुलगी वच्छला तेव्हा काकाकडं राहून त्याच शाळेत जाई. मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं ते तिनं घरी येऊन जेवताना काकाला आणि रजेवर आलेल्या बापाला सांगितलं, की पूर्वी आपल्या गावात गरीब कोणी नव्हतंच. गोवर्धनला ते ऐकून बरं वाटलं. "आपले जुने लोक लई मोठे होते मंग," तो भावाला म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पुंजाराम पानावरून उठला नाही, पण त्या दिवशी त्याला भाकर गेली नाही.

चाळीस साली जागा राखीव झाली. अकोल्याच्या कचेरीत हद्द आखण्याचा कागद आला, आणि पूर्वी तिथं काम केलेला माणूस म्हणून तो पुंजारामच्याच टेबलावर पडला. कागदात स्पष्ट होतं, अवशेष शिल्लक असतील तेवढीच जागा धरावी. तो वरिष्ठांकडं गेला. किसनराव नावाचे समजूतदार गृहस्थ होते.

"साहेब, खालची जागा बी धरता येईन का? मोकळी हाय. खाली आणखी खोल काही असन."

"असेल का आहे?"

"असन."

"मग कसं धरायचं, पुंजाराम?"

तीन दिवस लागले. माथ्याभोवती साखळी फिरवून त्यानं हद्दीचे बारा दगड बसवले. नाल्याच्या बाजूचे चार दगड बरोबर तिथं आले, जिथं वरचा पुरा संपून खालचा सुरू होत होता. त्या दगडांपलीकडं एकदा पाहून त्यानं साखळी गुंडाळली. अकोल्याला येऊन नकाशा काढला, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली: 'हद्दीबाहेर उत्तरेस चौऱ्याण्णव घरांची वस्ती होती, मोजणी सन १९३१.'

दोन दिवसांनी कागद परत आला. ओळीवर लाल शाईची रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, शेऱ्यात आहे ते लिहावं, होतं ते नाही. नवी प्रत सादर करावी.

पुंजारामनं नवा कागद घेतला. सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसून त्यानं सगळा नकाशा पुन्हा काढला. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली. किसनरावांनी तो पाहिला, वर धरून कचेरीतल्या नव्या मंडळींना दाखवला आणि म्हणाले, असा स्वच्छ नकाशा यंदाच्या साली दुसरा आलेला नाही. सगळ्यांनी माना वळवून पुंजारामकडं पाहिलं. तो अवघडून हसला, जागेवर येऊन बसला, आणि बोरगावच्या दोघा भावांच्या वाटणीचा कागद त्यानं पुढं ओढला.